दुःखाआधीची बेगमी

बर्लिनच्या नव्या विमानतळापासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर मिटेनवाल्डे नावाचे लहानसे गाव आहे. बर्लिन पाहायला आलेला प्रवासी सहसा तिकडे वळत नाही. पूर्व जर्मनीतला माझा प्रवास मात्र मी मुद्दाम याच गावापासून सुरू केला. इथल्या सेंट मॉरिसच्या जुन्या, विटांच्या देवळात एका तान्ह्या मुलीचा स्मृतिफलक आहे. तिचे नाव मारिया एलिझाबेथ. १६५६ च्या मे महिन्यात ती जन्मली आणि १६५७ च्या जानेवारीत, जेमतेम आठ महिन्यांची असताना गेली. तिचे वडील पॉल गेरहार्ट या देवळाचे मुख्य पाळक होते. मार्टिन ल्यूथरनंतरचे सर्वांत थोर जर्मन भक्तिगीतकार म्हणून आज त्यांची ओळख आहे. मुलीच्या फलकासाठी आईवडिलांनी उत्पत्तीच्या पुस्तकातले याकोबाचे शब्द निवडले. एकशेतीस वर्षांचा याकोब मिसरच्या फारोपुढे उभा राहतो आणि आपल्या आयुष्याचे दिवस थोडे आणि दुःखाचे गेले असे सांगतो, तिथले ते शब्द. जख्ख म्हाताऱ्याचे हे बोलणे आठ महिन्यांच्या बाळासाठी घेतले आहे. त्या काळी बाळे दगावणे नित्याचेच होते, त्यामुळे आईबापांना त्याचे फारसे वाटत नसे, असे सांगणाऱ्याने हा फलक एकदा पाहावा. पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असे नाव ज्यांनी कोरून ठेवले, त्यांना ते मूल विसरायचे नव्हते.

या फलकापुढे उभे राहिल्यावर मराठी वाचकाच्या मनात साहजिकच एक अपेक्षा जागी होते. क्रौंचाचा वध पाहून वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक बाहेर पडला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शोक आधी, गीत नंतर, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. ख्रिस्ती भक्तिगीतकारांच्या चरित्रांतही तोच साचा सर्रास वापरला जातो: माणसावर घाला पडला, तो कोसळला, देवाला शरण गेला आणि त्या रात्री त्याने अमर गीत लिहिले. गेरहार्ट यांच्या वाट्याला आलेली दुःखे पाहता हा साचा त्यांना बेतून शिवल्यासारखा बसायला हवा. लहानपणीच आईवडील गेले, तारुण्य तीस वर्षांच्या युद्धात गेले, पाच मुलांपैकी चार दगावली, नोकरी गेली, पत्नी गेली. तरीही त्यांच्या गावांतून फिरताना आणि गीतांच्या छपाईच्या तारखा शेजारी मांडून पाहताना हा साचा जागोजागी उसवतो. त्यांची बहुतेक थोर गीते त्यांच्या संसारातल्या मरणांच्या आधीची आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की गेरहार्ट यांची श्रद्धा दुःखातून उगवलेली नव्हती, ती दुःखाच्या आधीच साठवलेली होती. कोकणातले घर पावसाळ्याआधी बेगमी करते, तशी. म्हणूनच ती टिकली, आणि म्हणूनच ती इतरांच्याही उपयोगी पडली.

तारखांचा हिशेब मांडायला बर्लिनमधल्या निकोलाय देवळासारखी दुसरी जागा नाही. श्प्रे नदीजवळच्या जुन्या वस्तीत जोडमनोऱ्यांचे हे देऊळ उभे आहे. ते बर्लिनमधले सर्वांत जुने. दुसऱ्या महायुद्धात ते उद्ध्वस्त झाले, पूर्व बर्लिनच्या सरकारने ते पुन्हा बांधले आणि १९८७ मध्ये उघडले. आज ते संग्रहालय आहे. १६२२ पासून चाळीस वर्षे योहान क्र्यूगर इथे गायनप्रमुख होते. त्यांनी संपादित केलेले गीतपुस्तक आवृत्तीमागून आवृत्ती वाढत गेले. त्याच्या १६४७ च्या आवृत्तीत गेरहार्ट यांची अठरा गीते आली आणि १६५३ च्या आवृत्तीत हा आकडा ब्याऐंशीवर गेला. त्यांची जर्मन गीते एकूण सुमारे एकशे चाळीस आहेत. म्हणजे निम्म्याहून अधिक गीते १६५३ पर्यंत छापून झाली होती. त्या वर्षी गेरहार्ट सेहेचाळीस वर्षांचे आणि अविवाहित होते. बर्लिनमधले वकील आंद्रेयास बार्टहोल्ड यांच्या घरी त्यांनी शिकवणी केली होती. १६५१ मध्ये याच निकोलाय देवळात त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते मिटेनवाल्डेला गेले. बार्टहोल्ड यांची मुलगी आना मारिया हिच्याशी त्यांचा विवाह १६५५ मध्ये झाला. आपल्या वाटा देवाच्या हाती सोपवायला सांगणारे गीत, प्रभूच्या आगमनाचे गीत, गव्हाणीशी उभे राहून गायचे नाताळचे गीत, उन्हाळ्याच्या आनंदाचे गीत, मरणाला न भिण्याचे गीत ही सगळी १६५३ पर्यंतची आहेत. शोकाने लिहायला लावले असे ज्यांच्याविषयी सांगितले जाते, नेमकी तीच गीते त्या शोकाच्या आधी छापखान्यातून बाहेर पडली होती.

लोकांना मात्र तारखांपेक्षा कथा प्रिय असते. जर्मनीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली कथा अशी: बर्लिनमधून काढून टाकलेले गेरहार्ट बायकोमुलांसह, कफल्लक अवस्थेत गाव सोडून निघाले. वाटेत एका खानावळीत उतरले असता पत्नीला रडू आवरेना. तिचे सांत्वन करून ते बागेत गेले आणि तिथे बसून त्यांनी आपल्या वाटा देवावर सोपवण्याचे ते गीत लिहिले. त्याच संध्याकाळी एका सरदाराचे दूत नव्या नोकरीचे पत्र घेऊन दारात उभे राहिले. कथा गोड आहे, पण तिच्यातले एकही पाऊल खऱ्या वाटेवर पडत नाही. गीत छापले गेले १६५३ मध्ये, विवाह झाला १६५५ मध्ये, बडतर्फी झाली १६६६ मध्ये. पत्नी १६६८ मध्ये बर्लिनमध्येच वारली आणि गेरहार्ट नव्या गावी गेले ते १६६९ मध्ये, विधुर म्हणून. ही कथा रचणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण तिच्यामुळे एक मोठी गोष्ट झाकली गेली. रडत्या पत्नीसाठी त्या रात्री नवे गीत लिहावे लागले, असे कथा सांगते. प्रत्यक्षात तेरा वर्षांपूर्वी लिहिलेले गीत त्या घरात आधीच होते. संकटात देव नवा शब्द पाठवतो, ही एक श्रद्धा झाली. आधी दिलेला शब्द संकटातही पुरतो, ही दुसरी. दुसरी अधिक साधी आहे आणि माझ्या मते अधिक खोल आहे.

या मुद्द्याचा सर्वांत बोलका पुरावा १६५० सालचा आहे. बर्लिनमधल्या एका पाळकाचा लहान मुलगा वारला, तेव्हा गेरहार्ट यांनी त्याच्यासाठी शोकगीत लिहिले. ते मुलाच्या वडिलांच्या तोंडी आहे. मुलगा माझा आहे आणि माझाच राहील असे म्हणणारा बाप, घरात त्याला शोधणारा बाप, आणि शेवटी तो देवापाशी आहे हे मान्य करणारा बाप त्यात बोलतो. ते लिहिताना गेरहार्ट स्वतः बाप नव्हते, त्यांचे लग्नही झाले नव्हते. सात वर्षांनी मिटेनवाल्डेच्या देवळात मारिया एलिझाबेथच्या शवपेटीपाशी ते उभे राहिले, तेव्हा बापाने काय म्हणायचे हे त्यांनी आधीच, दुसऱ्या बापासाठी लिहून ठेवले होते. मारियासाठी त्यांनी नवे गीत लिहिल्याचे आपल्याला माहीत नाही. उसने दिलेले धान्य आपल्याच घरी दुष्काळ पडल्यावर परत यावे, तसे ते १६५० चे शब्द त्यांच्याकडे परत आले असणार. दुसऱ्याच्या दुःखात मनापासून शिरणे ही त्यांची स्वतःच्या दुःखाची तयारी ठरली, असे मला वाटते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. १६५३ च्या आधी गेरहार्ट यांनी दुःख पाहिलेच नव्हते असे थोडेच आहे? त्याच्या उत्तरासाठी बर्लिनहून नैर्ऋत्येला, विटेनबर्गच्या पलीकडे ग्रेफेनहायनिशेनला जावे लागते. आज या गावाजवळ कोळशाच्या जुन्या खाणीत प्रचंड लोखंडी यंत्रांचे उघडे संग्रहालय आहे आणि बहुतेक पाहुणे त्यासाठीच येतात. गावात गेरहार्ट यांच्या नावाची एक प्रार्थनाशाळा आहे, पण त्यांचे जन्मघर नाही. १२ मार्च १६०७ रोजी ते इथे जन्मले. वडील गावचे महापौर होते. ते १६१९ मध्ये वारले, आई १६२१ मध्ये. चौदाव्या वर्षी पोरका झालेला हा मुलगा ग्रिमा इथल्या शाळेत शिकला. तिथे प्लेगची साथ आली, अनेक मुले पळून गेली, हा राहिला. १६२८ मध्ये तो विटेनबर्गच्या विद्यापीठात दाखल झाला. १६१८ मध्ये पेटलेले युद्ध तेव्हा भरात होते. १६३७ मध्ये स्वीडिश सैनिकांनी ग्रेफेनहायनिशेन जाळले. त्यात देऊळ गेले, गेरहार्ट यांचे वडिलोपार्जित घरही गेले आणि त्याच वर्षी थोरला भाऊ प्लेगने गेला. मग १६४७ आणि १६५३ ची गीते या राखेतूनच उगवली असे का म्हणू नये?

म्हणता येईल, पण अर्ध्यापुरतेच. घर जळाले तेव्हा ते तीस वर्षांचे होते. त्यांचे पहिले गीतसंचित छापून आले ते त्यानंतर दहा वर्षांनी. मधली बरीच वर्षे विटेनबर्गमध्ये शिकण्याची आणि शिकवण्याची होती. या गावात ल्यूथरने १५१७ मध्ये धर्मसुधारणेला तोंड फोडले आणि जगभरचे पर्यटक त्यासाठी इथे येतात. गेरहार्ट यांच्या काळात मात्र इथले अध्यापक विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट शिकवत होते. आउगुस्ट बुखनर हे काव्याचे प्राध्यापक जर्मन कवितेला वृत्तांची शिस्त लावत होते, आणि पाळक होऊ घातलेले तरुण पवित्र शास्त्राबरोबर छंदही शिकत होते. युद्धाने गेरहार्ट यांना दुःख दिले यात शंका नाही, पण ते दुःख त्या पिढीतल्या प्रत्येकाला मिळाले होते. बर्लिनची वस्ती युद्धात जवळपास निम्मी झाली होती. ज्यांच्या चाली गेरहार्ट यांच्या शब्दांना लागल्या, त्या क्र्यूगर यांनी तर पाच मुले गमावली होती आणि १६३६ मध्ये पत्नी गमावली होती. स्वतः ते प्लेगमधून कसेबसे वाचले होते. या सगळ्यांतून गीतकार झाले ते मोजकेच. दुःख सर्वांना सारखे वाटले गेले होते. ज्यांच्यापाशी शास्त्राचे पाठांतर, छंदाची तालीम आणि सोबत गाणारी मंडळी होती, त्यांना त्या दुःखाचे काही करता आले. पावसाने शेत पिकते हे खरे, पण पेरलेल्या शेतातच.

ही तालीम किती पक्की होती, हे सोपवणुकीच्या त्या प्रसिद्ध गीतावरूनच दिसते. त्याची बारा कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीचे शब्द क्रमाने वाचले की ल्यूथरच्या भाषांतरातले सदतिसाव्या स्तोत्राचे पाचवे वचन तयार होते. ज्याला एवढे वचन पाठ आहे त्याला कुठल्याही कडव्यावर अडखळल्यावर पुढचा शब्द सापडतो. दिवा विझलेल्या खोलीत भिंतीला हात लावत जावे, तसा गाणारा पुढे सरकतो. हे उमाळ्याच्या भरात एका रात्री जमणारे काम नव्हे. उन्हाळ्याच्या गीताची रचनाही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. पंधरा कडव्यांपैकी पहिल्या सात कडव्यांत चंडोल, कबुतर, पिलांना घेऊन फिरणारी कोंबडी, घरटे बांधणारा बगळ्यासारखा करकोचा, हरिण, मधमाश्या आणि गव्हाचे शेत येते. नेमक्या मधल्या आठव्या कडव्यात गाणारा स्वतःकडे वळतो आणि पुढची सात कडवी परलोकाच्या बागेविषयी बोलतात. युद्ध थांबून पाचच वर्षे झाली होती, असंख्य शेते अजून पडीक होती. त्या काळात गव्हाच्या शेताकडे बोट दाखवून गाणे ही भाबडी मौज नव्हती. जे वाचले आहे ते नाव घेऊन मोजण्याची ती शिस्त होती. ल्यूथर आपल्या गीतांत बहुधा 'आम्ही' म्हणतो, गेरहार्ट बहुधा 'मी' म्हणतात, हे अभ्यासकांनी पूर्वीच नोंदवले आहे. पण हा 'मी' एकट्या गेरहार्ट यांचा नाही. गाणाऱ्या प्रत्येकाने आत शिरून बसावे यासाठी मोकळी ठेवलेली ती जागा आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. गीते घाव बसण्याआधीची असतील तर ती स्वस्त झाली, असे कोणी म्हणेल. ज्याचे मूल गेले नाही त्याने मूल गेलेल्या बापाला धीर देणे सोपे असते. गेरहार्ट यांचा खरा कस इथेच लागतो, आणि त्याचे उत्तर पुन्हा बर्लिनमध्येच मिळते. १६५७ मध्ये ते निकोलाय देवळात पाळक म्हणून परतले. त्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या घरातून शवपेट्या निघत राहिल्या. १६६६ आणि १६६७ मध्ये क्र्यूगर यांचे उत्तराधिकारी योहान गेओर्ग एबेलिंग यांनी गेरहार्ट यांची एकशे वीस गीते, बारा-बारांच्या दहा भागांत, स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. पूर्वी लिहिलेला शब्द आता पोकळ वाटत असता, तर तो गाळायची, बदलायची, निदान मऊ करायची हीच वेळ होती. गीते तशीच छापली गेली. देव बापासारखा आहे, मरण शेवटचे नाही, वाटा त्याच्यावर सोपवा, हे सारे त्याच कवीच्या नावावर पुन्हा लोकांच्या हाती आले, आणि त्या वेळी त्या कवीच्या घरातले पाळणे रिकामे झालेले होते. शब्द लिहिताना त्यांना किती सोसावे लागले होते यावर या गीतांचा अधिकार उभा नाही. सोसून झाल्यावरही त्यांनी तो शब्द मागे घेतला नाही, यावर तो उभा आहे. सावकारापेक्षा जामीनदाराचे धैर्य मोठे असते. गेरहार्ट आपल्याच गीतांना जामीन राहिले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो त्यांच्या श्रद्धेच्या कणखरपणावर नव्हे, तिच्या अरुंदपणावर बोट ठेवतो. ब्रँडेनबर्गचा शासक फ्रीडरिश विल्हेल्म कॅल्विनपंथी होता आणि त्याची प्रजा ल्यूथरपंथी. दोन्ही पंथांच्या पाळकांनी व्यासपीठावरून एकमेकांवर तोंडसुख घेऊ नये, असा हुकूम त्याने काढला आणि १६६४ नंतर पाळकांकडून तशी लेखी हमी मागितली. गेरहार्ट यांनी सही करायला नकार दिला. १६६६ मध्ये ते बडतर्फ झाले. बर्लिनच्या नागरिकांनी आणि कारागिरांच्या संघांनी त्यांच्या बाजूने अर्ज केले, तेव्हा १६६७ मध्ये शासकाने सहीची अट सोडून त्यांना परत घेतले, मात्र हुकूम ते पाळतीलच असे गृहीत धरून. हे गृहीतकही आपल्या विवेकाला टोचते, असे सांगून गेरहार्ट यांनी पद नाकारले. आजच्या वाचकाची सहानुभूती शासकाकडे झुकते, आणि ते चुकीचे नाही. गेरहार्ट यांचे त्या वादातले लेखन कॅल्विनपंथीयांविषयी कठोर आहे आणि मरणापूर्वी मुलासाठी लिहून ठेवलेल्या उपदेशातही पंथांची सरमिसळ करणाऱ्यांपासून दूर राहायला त्यांनी बजावले. त्यांची ही बाजू मी झाकणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, हा हट्ट करून त्यांनी काही मिळवले नाही. आजारी पत्नी घरात असताना पगाराची जागा सोडली. दुसरी, त्यांनी जे कुंपण ओलांडले नाही ते त्यांच्या गीतांनी ओलांडले. इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने १७३९ मध्ये त्यांच्या सोपवणुकीच्या गीताचे भाषांतर छापले. वधस्तंभावरच्या रक्ताळलेल्या मस्तकाचे त्यांचे गीत मुळात मध्ययुगीन लॅटिन काव्यावरून घेतलेले होते. ते आज जर्मन कॅथलिकांच्या गीतपुस्तकातही आहे आणि त्याचे इंग्रजी रूप गुड फ्रायडेच्या उपासनेत आपल्याकडेही गायले जाते. गीतकाराच्या मतांपेक्षा गीत मोठे निघाले, ही त्याच्या श्रद्धेची हार मानता येणार नाही.

प्रवासाचा शेवटचा टप्पा ल्यूबेन. बर्लिनहून आग्नेयेला, सुमारे ऐंशी किलोमीटरवर. इथे श्प्रे नदी शेकडो फाट्यांत विभागते, गर्द झाडीतून सपाट होड्या चालतात आणि लोणच्याच्या काकड्यांच्या बरण्या दुकानादुकानांत मांडलेल्या असतात. गावाच्या मधोमध गेरहार्ट यांचे देऊळ आहे. विसाव्या शतकात त्याला त्यांचेच नाव दिले गेले. समोर १९०७ मध्ये, त्यांच्या तीनशेव्या जयंतीला उभारलेला पुतळा आहे. पत्नी आना मारिया १६६८ च्या मार्चमध्ये वारली आणि पाचांपैकी एकटा उरलेला मुलगा पॉल फ्रीडरिश याला घेऊन ते १६६९ मध्ये इथे आले. सात वर्षे त्यांनी प्रवचने दिली, लग्ने लावली, बाप्तिस्मे दिले, मृतांना पुरले. २७ मे १६७६ रोजी ते वारले आणि याच देवळात, वेदीजवळ त्यांना मूठमाती मिळाली. या सात वर्षांतले त्यांचे एकही नवे भक्तिगीत आपल्याला माहीत नाही. देवळात त्यांचे जे चित्र आहे त्याखाली लॅटिनमध्ये लिहिले आहे की हा धर्मशास्त्री सैतानाच्या चाळणीतून चाळला गेला. लूककृत शुभवर्तमानात येशू पेत्राला सांगतो की सैतानाने तुम्हाला गव्हासारखे चाळायची मागणी केली आहे. उपमा तिथली आहे.

हा सात वर्षांचा मुकेपणा पाहून कोणी म्हणेल की अखेर दुःखाने त्यांना हरवले. गीत थांबले, म्हणजे श्रद्धाही थांबली. मला हे पटत नाही. त्याच शुभवर्तमानात येशू पेत्राला पुढे म्हणतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, आणि तू परत वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. चाळणीत घातलेल्या गव्हाने नवे पीक द्यावे अशी अपेक्षा नसते. कोंडा उडून जावा आणि दाणा राहावा, एवढीच असते. ल्यूबेनमध्ये कवी उरला नाही, पाळक उरला. दर रविवारी व्यासपीठावर उभा राहणारा, दुसऱ्यांच्या मुलांना बाप्तिस्मा देणारा विधुर उरला. परंपरा सांगते की मरताना त्यांच्या ओठांवर स्वतःच्याच एका जुन्या गीताचे कडवे होते, मरण आपल्याला मारू शकत नाही अशा अर्थाचे. ते गीतही १६५३ च्या आवृत्तीतले. परंपरेला पुराव्याचे वजन देता येत नाही, पण ती या माणसाच्या तारखांशी नेमकी जुळते: शेवटच्या घटकेला त्यांनी नवे काही मागितले नाही, साठवलेलेच काढले.

ही बेगमी दुसऱ्यांनाही पुरली. संगीतकार बाखने सेंट मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरील आपल्या संगीतकृतीत, येशू प्राण सोडतो त्या क्षणानंतर लगेच, गेरहार्ट यांच्या रक्ताळलेल्या मस्तकाच्या गीतातले एक कडवे ठेवले. त्यात गाणारा आपल्या स्वतःच्या मरणाच्या वेळी प्रभूची सोबत मागतो. चाल मुळात हान्स लिओ हास्लरने १६०१ मध्ये छापलेल्या प्रेमगीताची. आणि दोन शतकांनंतर पाळक आणि धर्मशास्त्री डीट्रिश बॉनहोफर यांना हिटलरच्या राजवटीने ५ एप्रिल १९४३ रोजी पकडून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात टाकले. तिथून आईवडिलांना लिहिलेल्या सुरुवातीच्याच पत्रांत त्यांनी कळवले की गेरहार्ट यांची गीते वाचून पाठ करत असल्याने बरे वाटते. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. कोठडीत कागद हिरावला जातो, दिवा विझवला जातो, माणसे भेटू दिली जात नाहीत. पाठ असलेले मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही. एकाच वचनावर बारा कडवी उभारणाऱ्या त्या माणसाने कदाचित अशाच खोल्या डोळ्यांपुढे ठेवल्या असतील.

म्हणून, दुःखातून गीत जन्मते या समजुतीवर विसंबून वाचकाने आपल्या दुःखाची वाट पाहू नये. दुःख आले की शब्द आपोआप सुचतील, श्रद्धा आपोआप जागेल, असे मानणारा माणूस पेरणी न करता पिकाची वाट पाहतो. गेरहार्ट यांच्या पाच गावांतून फिरताना मला जे कळले ते साधे आहे: घरात सगळे धडधाकट असतानाच, एखाद्या निवांत संध्याकाळी, मुलाबाळांना जवळ घेऊन एखादे गीत पूर्ण पाठ करावे, आणि शेजाऱ्याच्या घरी मरण आले तर तिथे जाऊन ते त्याच्यासोबत म्हणावे. आपली पाळी येईल तेव्हा ते आपल्याला सापडेल. ल्यूबेनच्या देवळात वेदीजवळ निजलेल्या माणसाने सात वर्षे एकही नवे गीत लिहिले नाही, आणि त्याला त्याची गरज पडली नाही.